वीस गुंठे लॉनला पातळ युरिया मारायचाय? आधी गुंठा मोजा, मग पंप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बेळगावजवळ काकतीच्या बाजूला मंगल कार्यालयाचं २० गुंठ्यांचं लॉन आहे, बर्म्युडा गवत लावलेलं, गडी मुठीने युरिया फेकतो आणि आठवड्याभरात कुठे गर्द हिरवे ठिपके, कुठे पिवळं, चार-दोन ठिकाणी करपलेलं, आणि तुळशीच्या लग्नानंतर तारखा बुक झाल्यात, तर युरिया पाण्यात विरघळवून मारला तर चालेल काय, पंपाला किती घालायचा आणि किती दिवसांनी. चालेल की. मी खानापूरपासून अथणीपर्यंत लॉनची कामं करतो आणि मोठ्या लॉनला मी पातळच मारतो. पण त्याचा फायदा कशात आहे ते आधी नीट समजून घ्या. पातळ केल्याने युरियाची ताकद वाढत नाही, किलोभर युरियात ४६० ग्रॅम नत्र (नायट्रोजन) तेवढंच राहतं, गोणीतून फेका नाहीतर पंपातून मारा. फायदा एवढाच की थोडं थोडं आणि सगळीकडे सारखं देता येतं. तेच तुमच्या गड्याच्या मुठीला जमत नाही, कुणाच्याच मुठीला जमत नाही. म्हणजे पंपाने पण सारखं पडलं नाही तर सगळी मेहनत फुकट.

फवारणीच्या आधी एक दिवस लॉनवर बसून बघा, खरंच नत्र कमी आहे काय. नत्र कमी असलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात आणि सगळं लॉनच फिकट दिसतं, वाढ मंदावते, मशीन फिरवली तरी कापणी निघत नाही. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असं असेल तर तो लोहाचा प्रकार, त्याला युरियाने काही होत नाही. आणि गोल गोल पिवळे चट्टे पडले असतील तर तिथलं गवत मुठीत धरून वर ओढा. चटईसारखं अलगद उचलून आलं की मुळ्या खाल्लेल्या आहेत, खाली दोन-तीन इंच माती उकरा, पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी सापडेल. हुमणी. आपला सगळा पट्टा उसाचा, वळवाचे पाऊस झाले की भुंगेरे निघतात, बाभळी-कडुनिंबावर बसतात आणि अंडी घालायला त्यांना तुमचं लॉन पण चालतं. जुलै ते ऑक्टोबर लोक या चट्ट्यांवर युरिया ओतत बसतात, तिथे मुळीच नाही तर खत घेणार कोण? हुमणीचा बंदोबस्त आधी करा, मेटारायझियम ही अळी मारणारी जैविक बुरशी वापरा नाहीतर कृषी खात्याला विचारून औषध घ्या, मग खताचं बघू. तिसरी गोष्ट तुमच्यासारख्या कार्यालयात हमखास असते, स्टेज आणि जेवणाच्या मांडवाखालची जागा. तिथे माती तुडवून दगड झालेली असते. सळई जमिनीत सहज जात नसेल तर तिथे आधी सळईनं किंवा काट्याच्या फोर्कनं भोकं पाडा, त्यात वाळू-शेणखत ओढून घ्या, खत नंतर.

आता माल कुठला. बरेच जण अमेरिकेतले व्हिडिओ बघून विचारतात की ते टँकरमधून मारतात ते पातळ खत इथे कुठे मिळेल. ते युएएन, युरिया आणि अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळवलेलं, २८ किंवा ३२ टक्के नत्राचं. आपल्याकडे ते लॉनवाल्याला दुकानात सहज मिळत नाही, आणि सुटं अमोनियम नायट्रेट तर २०१२ च्या नियमांखाली लायसन्सशिवाय ठेवताच येत नाही, त्यामुळे घरी बनवायच्या भानगडीत अजिबात पडू नका. त्याची गरज पण नाही. युरिया पाण्यात इतका चांगला विरघळतो की लिटरभर पाण्यात किलोभर सुद्धा मावतो. पातळ नत्र म्हणजे आपल्यासाठी युरियाचं पाणी, विषय संपला.

फक्त ४५ किलोची जी अनुदानाची निमकोटेड गोणी असते ती शेतीसाठी आहे. जूनमध्ये सोसायटीसमोर सोयाबीनवाले, ऊसवाले रांगेत असतात आणि कार्यालयाच्या लॉनला गोण्या जातात, हे मला पटत नाही आणि कायद्यालाही चालत नाही. शेतीबाहेरच्या वापराला टेक्निकल ग्रेड युरिया मिळतो, महाग पडतो खरा पण वर्षाला लागतो किती ते पुढे हिशोब देतोय, त्यात तुमच्या एका लग्नाच्या फुलांचा खर्च पण निघणार नाही. शिवाय त्यावर निंबोळीचं कोटिंग नसल्यामुळे पाणी स्वच्छ राहतं. निमकोटेड विरघळवला की वर तेलकट साय येते आणि नोझलची जाळी तुंबते. घेताना बाययुरेट, म्हणजे युरिया बनताना त्यात तयार होणारा नको असलेला घटक, किती ते विचारा. शेतीच्या युरियाला दीड टक्क्यापर्यंत परवानगी आहे, पण पानावर मारायला ते जितकं कमी तितकं बरं, पानांची टोकं जळतात ती बऱ्याचदा त्याच्याने.

नॅनो युरियाचं पण विचारलंय म्हणून सांगतो. २०२१ ला जी अर्ध्या लिटरची बाटली आली त्यात ४ टक्के नत्र, म्हणजे अख्ख्या बाटलीत २० ग्रॅम. तुमच्या एका गुंठ्याला एका फवारणीत १३५-१४० ग्रॅम नत्र लागतं. गणित तुम्हीच करा. नंतर जास्त टक्क्याचं पण आलंय, तरी बाटलीवरचे टक्के बघून असाच हिशोब मांडायचा आणि मग ठरवायचं.

मोजणी. २० गुंठे हा तुमचा उताऱ्यावरचा आकडा, गवताचा नाही. त्यातनं स्टेज, फरशीचा रस्ता, कारंजं, झाडांची आळी वजा करा, बहुतेक वेळा १४-१५ गुंठेच गवत भरतं आणि खत मात्र २० चं पडत असतं. टेप घेऊन ३३ फूट बाय ३३ फूट असा चौकोन आखा, तो एक गुंठा. मैदानावर मारतात तशी फक्की मारून सगळ्या लॉनचे असे चौकोन पाडा, चुना थोडाच पडतो, गवताला काही होत नाही. एवढं एकदा केलं की गड्याला तुम्ही नसताना पण कळतं की इथपर्यंत एक पंप संपला पाहिजे.

डोस गुंठ्याला ३०० ग्रॅम युरिया, १६ लिटर पाण्यात. हे साधारण १.९ टक्क्याचं द्रावण झालं. पानावर राहू द्यायचं असेल तर मी २ टक्क्यांच्या वर जात नाही, उन्हाळ्यात दीडच. लक्षात घ्या, गुंठ्याचे ग्रॅम ठरलेले आहेत, पंपाचे नाहीत. लोक विचारतात पंपाला किती, आणि इथेच घोळ होतो. एकाचा पंप पाऊण गुंठ्यात संपतो, दुसऱ्याचा दीड गुंठा जातो, दोघांनी ३०० ग्रॅम घातले तर दोघांचं लॉन वेगळं दिसणारच. म्हणून पहिल्या दिवशी नुसतं पाणी भरा. नेहमीच्या चालीने एक चौकोन मारा आणि टाकीत किती उरलं ते मोजा. १० लिटरच गेलं तर चाल हळू करा नाहीतर दोनदा मारा, पण ३०० ग्रॅम १० लिटरमध्ये घालू नका, ते ३ टक्के झालं. बॅटरी पंपाबरोबर जे गोल फवाऱ्याचं नोझल येतं ते काढून नवीन चपट्या फवाऱ्याचं, फ्लॅट फॅन नोझल लावा, पट्टा सारखा पडतो. जमिनीपासून हातभर उंच धरा, हात डावीउजवीकडे हलवायचा नाही, सरळ चालायचं, आणि एका पट्ट्याची कड दुसऱ्यावर थोडी चढली पाहिजे. निम्मं पाणी दक्षिणोत्तर चालून, निम्मं पूर्वपश्चिम. हे आडवंउभं मारलं की पट्टे दिसायचा प्रश्नच संपतो, आणि हाच तुमचा मूळ प्रश्न होता. बॅटरी उतरली की प्रेशर पडतं आणि शेवटच्या दोन पंपांना नोझलमधनं थेंब गळायला लागतात, तिथे बरोबर पिवळी पट्टी उमटते, तर फुल चार्ज करूनच सुरुवात करा.

पाठीवरच्या पंपाने गुंठ्याला पंधरा-वीस मिनिटं धरा, म्हणजे १५ गुंठ्यांना चार-पाच तास. एका संध्याकाळी होत नाही, दोन-तीन संध्याकाळी वाटून घ्या, नाहीतर कुणा द्राक्षवाल्याकडनं किंवा ऊसवाल्याकडनं एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप, भाड्याने आणा. २०० लिटरच्या बॅरलमध्ये पावणेचार किलो युरिया, साडेबारा गुंठे जातं. पण एचटीपीच्या गनने लांबनं धार फेकत मारू नका, ते झाडांसाठी आहे. चार-पाच नोझलची दांडी जोडून घ्या. आणि भाड्याच्या पंपाचं एक सांगतो ते अगदी मनावर घ्या, आधी त्यात काय मारलं होतं ते विचारा. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलेल्या बॅरलमधला तळाचा गाळ सुद्धा लॉन जाळायला पुरेसा आहे. टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणांचं औषध मारलेलं असेल तर गवत वाचेल पण कडेची गुलाबं, जास्वंद वाकडीतिकडी होतील. शक्य असेल तर लॉनचा पंप वेगळा ठेवा, वर रंगाने मोठं लिहा.

विरघळवताना बादलीत थोड्या पाण्यात आधी युरिया घ्या, काठीनं ढवळा. बादलीला बाहेरून हात लावून बघा, गार पडलेली असेल, कडेला घाम सुटतो. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढतो, आणि पाणी गार झालं की पुढचा युरिया विरघळायला वेळ लावतो, म्हणून लोकांना वाटतं माल भेसळीचा आहे. तसं नाही, दहा मिनिटं थांबा, परत ढवळा, मग सुती फडक्यातनं गाळून टाकीत ओता. पंपात कोरडा युरिया टाकून हलवत बसू नका, तळाला खडे राहतात, सुरुवातीचे दहा फूट आणि शेवटचे दहा फूट यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. पाणी एक दिवस आधी दिलेलं, जमिनीला वाफसा, आणि वारा नसावा. मशीन फिरवून एक-दोन दिवस झालेले असावेत, ताज्या कापलेल्या टोकांवर मारलं की टोकं करपतात, आणि फवारल्यावर पण दोन दिवस मशीन नको. ३२ डिग्रीच्या वर तापमान असताना मारू नका, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पस्तिशीच्या पुढे जातं. रात्रभर पान त्यातलं बरंचसं ओढून घेतं. सकाळी ऊन चढायच्या आत स्प्रिंकलर लावा, पानावर राहिलेलं खाली मुळाशी जाऊ दे. हे पाणी टाळू नका. युरिया पानावर, वाळलेल्या गवताच्या थरावर उघडा पडून राहिला की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो, ऊन आणि चुनखडीची जमीन असेल तर जास्तच. पाण्याचा हिशोब पण मांडा. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १०० लिटर, चांगलं मुरवायला ५ मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला ५०० लिटर, १५ गुंठ्यांना साडेसात हजार लिटर. मे महिन्यात बोअर आटलेली असते आणि तुम्ही टँकर मागवत असता, तेव्हा एवढं पाणी देणं होत नसेल तर त्या महिन्यात नत्र देऊच नका. तहानलेल्या गवताला खत घालून वाढवणं म्हणजे त्याची तहान आणखी वाढवणं. चुकून दाट पडलं, पानांची टोकं तपकिरी दिसायला लागली, तर त्याच क्षणी पाणी सोडा, भरपूर. दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका.

जमिनीप्रमाणे फरक पडतो तो सांगितलाच पाहिजे. तुमच्या बाजूला आणि तिथून खानापूर, जांबोटीकडे तांबडी, जांभ्याची माती, पाणी धरत नाही, आम्लाकडे झुकणारी. तिकडे जुलैत धो धो पाऊस असतो तेव्हा दिलेलं नत्र सरळ वाहून किंवा खाली मुरून जातं. उघडीप मिळाली तरच निम्मा डोस, नाहीतर सरळ महिना सोडा. उलट चिकोडी, अथणी, गोकाककडच्या काळ्या जमिनीत चुनखडी जास्त, बोअरचं पाणी जड, तिथे एक तर अमोनिया जास्त उडतो आणि दुसरं म्हणजे लोह मिळत नाही, म्हणून युरिया मारून मारून सुद्धा काळोखी, म्हणजे गर्द हिरवा रंग, येत नाही. तिथे मी अमोनियम सल्फेट जास्त वापरतो, त्यात नत्र २० टक्क्यांच्या आसपास म्हणजे निम्म्याहून कमी, पण गंधक मिळतं आणि मुळापाशी आम्लता येते. पण ते पानावर जास्त जाळतं, म्हणून मारल्या मारल्या लगेच पाणी. तुमची माती कशी आहे ते अंदाजाने ठरवू नका, कृषी खात्याच्या, तुमच्या होबळीतल्या रयत संपर्क केंद्रात नमुना देऊन सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश काढून घ्या. पालाश कमी निघालं तर नुसत्या युरियाने लॉन हिरवं दिसेल पण माणसं चालली की टिकणार नाही, ०:०:५० हे पालाशाचं विरघळणारं खत त्याच पद्धतीने वेगळं मारा.

वर्षाचं म्हणाल तर वापरातल्या बर्म्युडाला गुंठ्याला साधारण दीड किलो नत्र पुरे, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास युरिया, ३०० ग्रॅमच्या दहा-अकरा फवारण्या. १५ गुंठ्यांना वर्षाला पन्नास किलोपेक्षा जास्त नाही. कापलेलं गवत लॉनवरच बारीक पडू दिलं तर त्यातलं नत्र परत मिळतं, दोन फवारण्या कमी करा. फेब्रुवारी संपत आला, रात्रीची थंडी गेली की सुरुवात, तीन आठवड्यांनी एक. पाणी असेल तर मेपर्यंत. जूनच्या पहिल्या पावसानंतर एक, मग जुलै बंद. पावसाळ्यात कोंदट हवेत नत्र जास्त झालं की गवत लुसलुशीत होतं आणि बुरशीचे तपकिरी चट्टे येतात, तेव्हा हात आखडता घ्यायचा. ऑगस्टच्या उघडिपीपासून नोव्हेंबरपर्यंत परत तीन आठवड्यांनी. डिसेंबर-जानेवारीत बर्म्युडा थंडीनं बसते, पिवळसर होते, तिला तेव्हा ढोसून उपयोग नाही. तुमच्याकडे कुठे मेक्सिकन गवत असेल तर याच्या निम्मं, आणि झाडाखालच्या रुंद पानाच्या कार्पेट ग्रासला त्याहून कमी.

आता तुमच्या तारखांचं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात युरिया मारला की गवत भसाभस वाढतं, दोनदा कापावं लागतं आणि कोवळं गवत पायाखाली लगेच चेंगरतं, माणसं घसरतात ते वेगळंच. शेवटची युरियाची फवारणी तारखेच्या तीन आठवडे आधी संपवा. नंतर पाच-सहा दिवस आधी फेरस सल्फेट मारा, लिटरला ५ ग्रॅम, बोअरचं पाणी असेल तर त्यात आधी लिटरला १-२ ग्रॅम सायट्रिक अॅसिड. एक-दोन दिवसांत काळोखी येते आणि वाढ मात्र होत नाही. आधी कोपऱ्यात दहा फुटांवर मारून बघा. फरशीवर, पांढऱ्या दगडावर उडालं की गंजाचे डाग पडतात, ते निघत नाहीत, त्यामुळे कडेनं प्लायवूडचा तुकडा धरून चाला आणि फरशी ओली असतानाच धुवा. मांडववाल्याचं पांढरं कापड त्या दिवशी लॉनवर पसरू देऊ नका.

शेवटी जनावरांचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. युरियाचं पाणी म्हशी-गाई पितात, बादलीभर प्यायलं तर तासाभरात पोट फुगून, थरथरून जनावर मरू शकतं. बॅरल उघडं ठेवून जेवायला जायचं नाही, उरलेलं द्रावण गटारीत किंवा खड्ड्यात ओतायचं नाही, पाणी घालून पातळ करून लॉनवरच संपवायचं. असं काही झालंच तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. फवारल्यावर निदान आठवडाभर कापलेलं गवत गोठ्यात जाऊ देऊ नका, कार्यालयाच्या गड्याला हे स्वतः सांगा कारण तो ते भारा बांधून घरी नेतोच. आणि तुमच्याकडे जुनी पिण्याची विहीर असेल तर तिच्या भोवती तीसेक फूट सोडून मारा. तांबड्या मातीतनं नायट्रेट पटकन खाली उतरतं, पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा सगळ्यात जास्त धोका. पावसाळ्यानंतर एकदा त्या विहिरीचं पाणी तपासून घ्या.

मोजणी झाली की गवत नेमकं किती गुंठे निघालं आणि तुमच्या पंपाने एका चौकोनात किती लिटर गेलं एवढं कळवा, मग तुमच्या पंपाचा नेमका हिशोब मांडून देतो.